लेंटमध्ये शांतीची प्रार्थना आणि दयेची कामं: इंदूरच्या आमच्या घरी जमलेली पद्धत

आधी कबुली देते. मी कितीतरी वर्षं लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपास-प्रार्थनेचे चाळीस दिवस, असा पाळला की पहिल्या दिवशी, राख बुधवारी, कपाळावर राख घेऊन यायचं, आजपासून चाळीस दिवस नॉनव्हेज बंद म्हणून घरभर सांगायचं, आणि शुक्रवारी मटणाच्या जागी पनीरची अशी जंगी भाजी करायची की त्याला उपास म्हणायचं धाडस मीच करू जाणे. प्रार्थनेतही तेच, "प्रभू, जगात शांती नांदू दे", आमेन, आणि लगेच फोन हातात. जगाची शांती मागणं तसं फार सोपं असतं हो, कारण जग काही आपल्या स्कूटरच्या जागेवर गाडी लावत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू लावायच्या. म्हणजे त्यांचा मुलगा. त्यावरून एकदा जिन्यात जे काही झालं त्यानंतर जवळजवळ वर्षभर आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो, आणि त्याच वर्षी, २ मार्च २०२२ ला, पोप फ्रान्सिसनी युक्रेनसाठी राख बुधवारी उपास आणि प्रार्थना करायला सांगितली होती, तर मी चर्चमध्ये बसून कीव्हसाठी डोळे पुसत होते. घरी येताना काकू जिन्यात दिसल्या तर मी मान फिरवली. राख कपाळावरच होती अजून. तेव्हापासून पद्धत बदलली, तीच लिहितेय.

आमच्याबद्दल थोडं, म्हणजे शब्दांचा घोळ होणार नाही. माझं माहेर नगरकडचं, प्रोटेस्टंट, आणि सासर कॅथलिक, आजेसासरे मिलच्या नोकरीसाठी इंदूरला आले ते इथलेच झाले. चर्चमध्ये सगळं हिंदीत, चालीसा काल, क्रूस रास्ता, पुण्य शुक्रवार, घरी मराठीत, आणि आईचा फोन आला की तोच गुड फ्रायडे उत्तम शुक्रवार होतो. मी लेंट म्हणते, तुम्ही उपवासकाळ म्हणा, प्रायश्चित्तकाळ म्हणा, एकच.

आधीचा आठवडा

पहिलं काम कॅलेंडर बघायचं. २०२६ मध्ये राख बुधवार १८ फेब्रुवारीला होता आणि ईस्टर ५ एप्रिलला, २०२७ मध्ये राख बुधवार १० फेब्रुवारी आणि ईस्टर २८ मार्च. मोजायला बसलात तर दिवस ४६ भरतात, कारण मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. म्हणून चाळीस. मुलं हे बरोबर पकडतात आणि रविवारी चॉकलेट मागतात, द्यायचं.

इंदूरकरांनी आणखी एक बघायचं, होळी आणि रंगपंचमी. त्या बहुतेक वर्षी लेंटमध्येच येतात, आणि २०२७ मध्ये तर होळी थेट ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातच येतेय आणि रंगपंचमीही त्याच आठवड्याच्या शेवटाकडे. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याकडचे रस्ते पकडून चर्चला वेळेवर पोचू असा विचार सुद्धा करू नका. आणि रंग लावायला शेजारी आले तर "आमचा लेंट आहे" म्हणून दार लावून घेऊ नका प्लीज, माझ्या एका नातेवाइकांनी ते केलंय, त्या शेजाऱ्यांना आजही वाटतं की ख्रिश्चनांना रंग चालत नाही. थोडा गुलाल लावून घ्यायचा, गुजिया हातात घ्यायची, उपास असेल तर दुसऱ्या दिवशी खायची.

मग ठरवायच्या तीनच गोष्टी, कारण मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूनं तीनच सांगितल्यात, दान, प्रार्थना, उपास, आणि तिन्ही गुपचूप करायला सांगितल्यात. एक सोडायची वस्तू, एक प्रार्थनेची वेळ, एक दयेचं काम. जास्त नको. मी एका वर्षी अकरा संकल्प केले होते, पहिल्या शुक्रवारपर्यंत चार उरले.

नावांचा कागद

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पोस्टकार्डाएवढा एक कागद घ्या, बायबलमध्ये मावेल असा, आणि त्यावर तीन नावं लिहा, तीनच.

पहिलं नाव अशा माणसाचं ज्याच्याशी तुमचं वाकडं आहे. घरातलं, बिल्डिंगमधलं, ऑफिसातलं. "सर्व शत्रू" असं लिहायचं नाही, एक नाव. लिहिताना पेन अडलं पाहिजे, अडलं नाही तर चुकीचं नाव निवडलंत.

दुसरं आपल्या शहरातलं काहीतरी. एखादी गल्ली जिथं दोन समाजांत ताण आहे, एखादं कुटुंब जिथं जमिनीवरून भाऊ भाऊ कोर्टात आहेत, सोसायटीतली भांडणं. माझ्या कागदावर एका वर्षी आमच्या पाण्याच्या टँकरची रांग होती, हसू नका, मे महिन्यात त्या रांगेत डोकी फुटतात.

तिसरं एखादा देश किंवा प्रदेश, एकच, पूर्ण चाळीस दिवस. रोज नवीन बातमीसाठी नवीन प्रार्थना केली की मन टीव्हीसारखं होतं, चॅनल बदलत राहतं. एक देश धरा, त्याच्या शहरांची नावं शिका, तिथं आत्ता थंडी आहे का ऊन, लोक काय खातात, ते वाचा. पोप फ्रान्सिसनी २३ फेब्रुवारी २०१८ ला, लेंटच्याच पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, काँगो आणि दक्षिण सुदानसाठी उपासाचा दिवस ठेवला होता, तेव्हा मला दक्षिण सुदान नकाशावर दाखवता येत नव्हता. जे नकाशावर सापडत नाही त्याच्यासाठी प्रार्थना काय करणार, करतो पण पोकळ.

रोजची दहा मिनिटं

वेळ अशी ठेवा की जी मोडायला लाज वाटेल. आमच्याकडे संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला बसतो, कारण तेव्हा शेजारीपाजारीही देवापुढे बसलेले असतात आणि कोणी बेल वाजवत नाही.

बसलं की आधी दोन मिनिटं गप्प. खरंच गप्प, डोक्यात कुकरच्या शिट्ट्या मोजल्या तरी चालेल पण तोंड बंद. मग कागदावरचं पहिलं नाव घ्यायचं आणि त्या माणसाचं काहीतरी चांगलं मागायचं, आणि ठोस मागायचं, त्याच्या गुडघ्याचं दुखणं, त्याच्या मुलीची बारावी. "त्याला सद्बुद्धी दे" ही प्रार्थना नाही, ते देवाकडे केलेलं तक्रारपत्र आहे. ही चूक मी इतकी वर्षं केली की आता दुसऱ्याची लगेच ऐकू येते. नंतर शहर, नंतर देश. आणि शेवटी एक प्रश्न स्वतःला, आज मी कुठं भांडण वाढवलं? उत्तर आलं की क्षमा मागायची आणि उठायचं.

शब्द सुचत नाहीत त्यांनी स्तोत्रसंहिता उघडावी. ५१ वं स्तोत्र पश्चात्तापाचं, लेंटचं ठरलेलंच. १२२ वं यरुशलेमच्या शांतीसाठी. पण माझं आवडतं ८५ वं, त्यात दया आणि सत्य एकमेकांना भेटतात आणि न्याय आणि शांती एकमेकांचा मुका घेतात असं चित्र आहे, म्हणजे न्याय बाजूला ठेवून शांती नाही आणि सत्य लपवून दया नाही. हे एवढं एक वचन चाळीस दिवस पुरतं.

"हे प्रभू, मला तुझ्या शांतीचं साधन कर" ही प्रार्थना सगळ्यांना माहीत असते, संत फ्रान्सिस असिसीकर यांची म्हणून. आमच्या इंदूर धर्मप्रांताचं कॅथेड्रलही त्यांच्याच नावाचं, त्यामुळे आपल्याकडे ती जास्तच म्हणतात. खरं म्हणजे ती त्यांनी लिहिलेली नाही, ती १९१२ मध्ये फ्रान्समधल्या एका छोट्या मासिकात पहिल्यांदा छापून आली, लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. मला उलट हे कळल्यावर ती जास्त आवडायला लागली.

कॅथलिक असाल तर दुपारी तीनला दयेची माळ म्हणता येते, पोलंडच्या संत फाउस्टिना यांच्याकडून आलेली. रोझरीच्याच मण्यांवर होते. सुरुवातीला आमच्या स्वर्गातील पित्या, नमो मारिया आणि विश्वासांगिकार, मग प्रत्येक मोठ्या मण्यावर ख्रिस्ताचं शरीर, रक्त, आत्मा आणि देवत्व पित्याला अर्पण करण्याची प्रार्थना आणि दहा लहान मण्यांवर, त्याच्या दुःखसहनासाठी आमच्यावर आणि सगळ्या जगावर दया कर. असे पाच दशक, शेवटी "पवित्र देवा" तीनदा. दहा मिनिटांच्या आत होते, तीन वाजता ऑफिसात असाल तर गाडीत बसून करा. माझ्या माहेरच्यांना माळ चालत नाही, ते त्याच वेळेला नारायण वामन टिळकांचं एखादं गीत म्हणतात, आणि खरं सांगू, सासूबाई आजकाल माळ संपली की तेच गुणगुणतात.

उपास, सेव आणि गुल्लक

कॅथलिक नियम थोडक्यात. राख बुधवार आणि पुण्य शुक्रवार हे दोन उपासाचे दिवस, त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन छोटी खाणी, जी मिळून दुसरं जेवण होणार नाहीत एवढीच. हे १८ पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत. मांस टाळायचं १४ पासून पुढे. शुगरवाले, गरोदर बायका, आजारी माणसं, कष्टाची कामं करणारे यांनी उपाशी राहायचं नाही, त्यांनी दुसरं काही सोडावं. प्रोटेस्टंटांमध्ये असा सगळ्यांना बांधणारा नियम नाही, ज्याचं त्यानं ठरवायचं.

आता सोडायचं काय? माझं मत विचाराल तर इंदूरच्या माणसानं मटण सोडून काही सिद्ध होत नाही, सेव सोडा. भिया, सेव सोडून बघा. पोह्यावर सेव नाही, भेळेत सेव नाही, वरणभातावर सुद्धा आमच्याकडे सेव लागते, तर तिसऱ्या दिवशी मला कळलं की माझा दिवसभरातला राग अर्धा तर जिभेचाच आहे. आमच्या घरी आठवड्याला अर्धा किलो सेव लागायची, १४० रुपयांची. दर शनिवारी ते १४० रुपये मातीच्या गुल्लकात टाकायचे, टाकायचेच, नाहीतर नुसती बचत होते आणि ईस्टरला त्याच पैशाचा ड्रेस येतो. सहा आठवड्यांचे ८४० झाले. फार नाहीत. पण उपास आणि दान यांच्यामध्ये ही गुल्लक नसेल तर उपासाचं डाएट होतं.

आणि हो, २०२६ आणि २०२७ दोन्ही वर्षी रमजान आणि लेंट जवळजवळ बरोबरच सुरू होतात. आपल्या ओळखीत कोणी रोजा ठेवणारं असेल तर एखाद्या संध्याकाळी फळं घेऊन इफ्तारला जा. शांतीसाठी वेगळा कार्यक्रम ठेवायची गरज नाही, सतरंज्या भाड्यानं आणायची तर अजिबात नाही.

दयेची कामं, आणि एमवायच्या बाहेरचा चार्जर

चर्चच्या परंपरेत दयेची सात शारीरिक कामं आहेत: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, कैद्याची भेट, आणि मेलेल्याला माती. पहिली सहा मत्तयाच्या २५ व्या अध्यायातली, सातवं तोबितच्या पुस्तकावरून आलेलं. आणखी सात आध्यात्मिक आहेत, त्यातली दोन मला जड जातात, अपमान सहन करणं आणि क्षमा करणं. २०१६ मध्ये, चर्चनं पाळलेल्या दयेच्या खास वर्षातच, पोप फ्रान्सिसनी निसर्गाची काळजी हेही यात धरावं असं सुचवलं. सातही करायला जाऊ नका, एक घ्या आणि दर आठवड्याला ठरल्या वारी करा. मूड असेल तेव्हाची दया ज्याला हवी त्याच्या काही कामाची नसते, त्याला वार कळला पाहिजे.

आम्ही आजाऱ्याची भेट घेतलं. एमवाय, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला झाबुआ, धार, खरगोनकडून पेशंट येतात आणि त्यांची माणसं बाहेर कट्ट्यावर, झाडाखाली दिवस काढतात. पहिल्या शनिवारी आम्ही खिचडीचं मोठं पातेलं घेऊन गेलो. तिथं आधीच दोन ठिकाणी जेवण वाटणं चालू होतं, इंदूरमध्ये भंडाऱ्याला काय कमी. एका तरुण मुलाला मी आग्रह करून द्रोण द्यायला लागले तर तो अगदी संकोचून म्हणाला, दीदी, खाना तो खा लिया, मोबाइल चार्ज हो जाएगा क्या कहीं? गावी बायको एकटी, तिला कळवायचं होतं की बापाचं ऑपरेशन झालं, आणि त्याचा फोन सकाळपासून बंद. माझ्या पर्समध्ये पॉवर बँक होती. तो फोन चालू होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले, स्क्रीनवर ते बॅटरीचं चिन्ह आलं आणि त्यानं नंबर लावला आणि पहिलं वाक्य भिलीत काहीतरी बोलला आणि रडायलाच लागला. आमची खिचडी तशीच परत आली, बिल्डिंगमध्ये वाटली.

दुसऱ्या शनिवारपासून पिशवी अशी: तीन पॉवर बँक आणि सगळ्या पिनांच्या वायरी, कपड्याचा साबण, वाळत घालायला दोरी, कंगवा, दोन पेनं, आणि झेरॉक्ससाठी सुट्टे पैसे. झेरॉक्सचं कोणाच्या डोक्यात येत नाही, पण आधार, आयुष्मान कार्ड, पर्ची, सगळ्याची कॉपी लागते आणि फॉर्म कसा भरायचा हे सांगणारं कोणी नसतं. माझे मिस्टर, जे प्रार्थनेला बसताना दहा कारणं सांगतात, ते तिथं दोन दोन तास फॉर्म भरून देतात. गुल्लकीतले पैसे इथंच जातात.

तुम्हाला दुसरं काही जमत असेल तर ते. मार्चपासून ऊन चढतं, दारात माठ भरून ठेवणं हेही कामच आहे, फक्त तो रोज घासायचा. तुरुंगातल्या भेटी आपल्या मनानं जाऊन होत नाहीत, परवानगी लागते, प्रिझन मिनिस्ट्री इंडियाचे स्वयंसेवक असतात, पॅरिशमध्ये फादरना विचारा. कब्रस्तानातलं गवत काढणं शांत काम आहे, तरुण मुलांना आवडतं, का कोण जाणे.

काय करू नका: फोटो काढू नका, फाटके कपडे देऊ नका, आणि मदतीबरोबर पत्रकं, बायबलची वचनं असलं काही देऊ नका. मध्यप्रदेशात धर्मांतराबद्दल १९६८ पासून कायदा आहे, २०२१ चा नवा आणखी कडक आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. साबणाबरोबर पत्रक दिलं की तो साबण राहत नाही.

क्षमेची पायरी

इंदूरमध्ये राहून क्षमेबद्दल लिहायचं आणि सिस्टर राणी मारिया यांचं नाव घ्यायचं नाही असं होऊच शकत नाही. केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टर, देवास जिल्ह्यात उदयनगरला गरीब शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या माणसानं त्यांना भोसकून मारलं. त्या वर्षीचा राख बुधवार चार दिवसांवर होता. पुढे २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली, कुटुंबानं त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथं इंदूरमध्ये सिस्टर राणी मारिया यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. त्यांचा सण २५ फेब्रुवारी, तो बहुतेकदा लेंटमध्येच येतो, त्या दिवशी आम्ही उदयनगरला त्यांच्या कबरीवर जातो.

यात एक गोष्ट लक्षात घ्या, १९९५ ते २००२, सात वर्षं. क्षमा चाळीस दिवसांत झालीच पाहिजे अशी स्वतःवर जबरदस्ती करू नका. आणि घरात मारहाण, छळ होत असेल तर क्षमा म्हणजे परत त्याच घरात जाऊन राहणं नव्हे, हे कुठलेही फादर किंवा पास्टर वेगळं सांगत असतील तर दुसऱ्याचा सल्ला घ्या.

माझं तर स्कूटरचंच भांडण होतं. त्या भांडणाच्या आधी काकूंनी होळीला पुरणपोळ्या पाठवल्या होत्या आणि त्यांचा डबा माझ्याकडेच राहिला होता, स्टीलचा, झाकणावर त्यांच्या सासूबाईंचं नाव आणि १९७१ असं कोरलेलं. रिकामा परत पाठवायचा नाही ही पद्धत, आणि भरून पाठवायचं मन नाही, म्हणून तो वर्षभर चहाच्या डब्यामागे. रोज सकाळी दिसायचा. कागदावर काकूंचं नाव लिहिल्यावर पंधराव्या सोळाव्या दिवशी गुळपापडीच्या वड्या केल्या, त्यात भरल्या आणि खाली गेले. काय बोलायचं ते आधी ठरवलं होतं, आणि तुम्हीही ठरवून जा: स्वतःची चूक एका वाक्यात, "पण" शब्द नाही, जुनी यादी नाही, आणि व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. मी म्हटलं, काकू, डबा फार दिवस राहिला, आणि त्या दिवशी मी जिन्यात ओरडायला नको होतं. त्या झाकणावरून बोट फिरवत म्हणाल्या, मला वाटलं हरवला. बस एवढंच. त्यांच्या मुलाची गाडी अजूनही कधी कधी माझ्या जागेवर असते, मी बेल वाजवून काढायला सांगते, तो काढतो.

कॅथलिकांनी याच सुमारास पापस्वीकार, म्हणजे कन्फेशन, करून घ्यावा, पवित्र आठवड्यात लाईन फार मोठी असते.

पवित्र आठवडा

क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानकं दर शुक्रवारी होतातच, त्यात आमच्या घरी सहाव्या स्थानकावर, जिथं वेरोनिका येशूचा चेहरा पुसते, कागदावरचं दुसरं नाव घेतो. पुण्य गुरुवारी पाय धुण्याचा विधी, २०१६ पासून त्यात बायकांचेही पाय धुता येतात, तुमच्याकडे अजून बारा पुरुषच बसत असतील तर फादरना नम्रपणे आठवण करा. हेच घरीही करता येतं, तांब्या, परात आणि टॉवेल. पहिल्यांदा आम्ही केलं तेव्हा सगळे हसत होते, सासूबाईंनी माझे पाय धुतले तेव्हा कोणी हसलं नाही.

पुण्य शुक्रवारच्या उपासनेत दहा मोठ्या प्रार्थना असतात, चर्चसाठी, यहुदी लोकांसाठी, देव न मानणाऱ्यांसाठी, सरकार चालवणाऱ्यांसाठी, संकटात असलेल्यांसाठी. लोक तोपर्यंत थकलेले असतात आणि उठबस करताना घड्याळ बघतात. नावांचा कागद त्या दिवशी बरोबर न्या, तुमची तिन्ही नावं त्या दहांमध्ये कुठं ना कुठं बसतात.

ईस्टरनंतर गुल्लक फोडा, हिशोब वहीत लिहा, कागद बायबलमध्ये ठेवा, पुढच्या वर्षी पहिलं नाव बदललं का ते बघता येतं. आणि खजूर इतवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिळालेली झावळी फोटोच्या मागे खोचून ठेवली असेल ती टाकू नका, पुढच्या राख बुधवारची राख तिचीच होते, आधीच्या रविवारपर्यंत चर्चमध्ये नेऊन द्यायची. आमची यंदा कामवालीनं झाडूच्या काड्या समजून फेकली, खालच्या काकूंच्या घरी मी दिलेली एक होती, ती मागून आणली.